पुसलेलं जातं कुठे? डिजिटल खुणांवरची पहिली इंटरॅक्टिव्ह कलाकृती कशी घडवाल

संगणकावर मराठी कीबोर्ड लावा आणि 'स्मृती' हा शब्द टाइप करा. आता बॅकस्पेस एकेकदाच, सावकाश दाबा. स्मृत. स्मृ. स्म. स्. स. आणि मग कोरी जागा. डोळ्यांना दोन अक्षरी दिसणारा शब्द पुसायला सहा वेळा बोट टेकवावं लागलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, तो सहा तुकड्यांचा आहे: स, हलन्त, म, ऋकाराचं चिन्ह, त आणि दुसरी वेलांटी. बॅकस्पेस दर वेळी शेवटचा एकच तुकडा काढते. रोमन लिपीत अक्षर असतं किंवा नसतं. आपला शब्द मात्र पाकळी पाकळी गळतो.

डिजिटल खुणा आणि त्यांचं पुसलं जाणं या विषयावर काहीतरी करून बघायचंय, असं म्हणत कुणी आलं की मी आधी हा प्रयोग करायला लावते. पुसणं ही क्रिया आहे, तिला वेळ लागतो, तिला टप्पे असतात, हे बोटाला एकदा कळलं की पुढचं काम सोपं जातं.

हा लेख अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. लॅपटॉप, ब्राउझर आणि काही आठवड्यांच्या संध्याकाळी एवढं पुरेल. शेवटी तुमच्या हातात एक छोटी कलाकृती असेल: प्रेक्षक स्क्रीनवर काहीतरी लिहितो, खोडतो, आणि खोडलेलं त्याच्यासमोर खाली साचत जातं, मग विरतं. तिची अट एकच, आणि ती मी शेवटपर्यंत सोडणार नाही. कलाकृतीने 'पुसलं' असं सांगितलं, तर ते खरोखर पुसलेलं असलं पाहिजे.

पायरी १ : आधी स्वतःचा माग काढा

दुसऱ्यांच्या खुणांना हात लावण्याआधी स्वतःच्या बघा. तुम्ही वापरता त्यातल्या एखाद्या सेवेकडे आपला सगळा डेटा मागवा. बहुतेक मोठ्या सेवांच्या सेटिंगमध्ये तशी सोय असते. फाइल आली की ती चाळू नका, वाचा. सोबत फोनमधला एखादा जुना फोटो घेऊन त्याचा एक्झिफ तपशील उघडा. कॅमेऱ्याचं मॉडेल, वेळ सेकंदापर्यंत, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा त्यात बसलेले असतात.

यातून एकच खूण निवडा. माउसची हालचाल, शोधलेले शब्द, खोडलेली वाक्यं, फोटोची वेळ, यांपैकी एक. 'माझं संपूर्ण डिजिटल आयुष्य' हा विषय नवख्याने घेऊ नये. तो कुणालाच आवरत नाही.

नावं काढून टाकली की माणूस लपतो, हा समजही इथेच सोडून द्या. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले जवळपास दोन कोटी शोध जाहीर केले. नावांऐवजी क्रमांक घातले होते. काही दिवसांतच पत्रकारांनी नुसत्या शोधलेल्या शब्दांवरून एका बाईंचं घर गाठलं. कंपनीने फाइल मागे घेतली, पण तोवर प्रती सगळीकडे पोचल्या होत्या. आपण काय शोधतो याची यादी म्हणजे जवळजवळ आपला आवाजच असतो.

पायरी २ : तीन कलाकृती नीट समजून घ्या

खूप काही बघत बसू नका. तीन पुरतात.

पहिलीत संगणकच नाही. १९५३ मध्ये रॉबर्ट राउशेनबर्ग या तरुण चित्रकाराने विलेम डी कूनिंग या नामवंत चित्रकाराकडे पुसण्यासाठी एक चित्र मागितलं. डी कूनिंगने मुद्दामच पुसायला अवघड असं चित्र दिलं. कित्येक दिवस घासून ते पुसलं गेलं, आणि तो जवळजवळ कोरा कागद हीच कलाकृती ठरली. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्या कागदाचं इन्फ्रारेड स्कॅनिंग केलं, तेव्हा खालच्या रेषा पुन्हा अंधूक दिसल्या.

या गोष्टीत मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते राउशेनबर्ग विचारून आला होता, हे. आपल्या भाषेत 'पुसणे' या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. फळा पुसतात, आणि जाबही पुसतात, ख्यालीखुशालीही पुसतात. राउशेनबर्गने दोन्ही अर्थांनी पुसलं. आपल्या कामातही हाच क्रम ठेवायचा.

दुसरी कलाकृती १९९२ ची, 'अग्रिपा'. लेखक विल्यम गिब्सन, चित्रकार डेनिस अ‍ॅशबॉ आणि प्रकाशक केविन बेगोस यांनी मिळून केलेलं हे पुस्तक. त्यातल्या फ्लॉपीवर एक कविता होती. ती एकदा स्क्रीनवरून सरकत गेली की स्वतःलाच कूटबद्ध करून घ्यायची, पुन्हा वाचता येत नसे. पण कवितेचा मजकूर लवकरच इंटरनेटवर आला आणि आजही वाचायला मिळतो. विरून जाण्यासाठी बांधलेली वस्तू प्रतींमुळे टिकली.

तिसरी 'पल्स रूम', राफाएल लोझानो-हेमर यांची, २००६ ची. खोलीभर बल्ब टांगलेले. तुम्ही दोन हातांनी सेन्सर धरता, तुमच्या हृदयाच्या ठोक्यावर जवळचा बल्ब लुकलुकू लागतो. हात सोडले की तुमचा ठोका रांगेत पुढच्या बल्बवर सरकतो, आणि रांगेच्या टोकाचा सर्वांत जुना ठोका कायमचा निघून जातो. नव्या माणसाला जागा करून देण्यासाठीच जुना जातो. पुसण्याचा नियम इथे कलाकृतीचा कणाच आहे. तुमच्या कामातही तो पहिल्या दिवसापासून असावा, शेवटी जोडलेली सोय म्हणून नव्हे.

पायरी ३ : डिलीट म्हणजे काय, हे यंत्राकडून शिका

फॅट या फाइलींची यादी ठेवण्याच्या जुन्या पद्धतीच्या पेन ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की फाइल जागच्या जागीच राहते. यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे 'ही जागा मोकळी समजावी' अशी खूण होते, एवढंच. नवीन काही त्या जागेवर लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो. एसएसडीचं, म्हणजे नव्या संगणकांतल्या चिपवरच्या डिस्कचं, वागणं वेगळं. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून ती लिखाण वेगवेगळ्या जागी फिरवत राहते, त्यामुळे 'याच जागेवर वरून लिहून पुसलं' असं तुम्ही खात्रीने म्हणू शकत नाही.

हे नुसतं वाचू नका. रिकाम्या पेन ड्राइव्हवर पाच फोटो टाका, डिलीट करा, आणि फोटोरेक नावाच्या मोफत साधनाने परत काढा. आपणच पुसलेला फोटो समोर उगवताना पाहिला की पोटात जे हलतं, तेच तुमच्या कलाकृतीचं खरं इंधन आहे.

कापलेल्या फोटोंचंही असंच. मार्च २०२३ मध्ये उघड झालं, की काही फोनमधल्या स्क्रीनशॉट छाटण्याच्या साधनात कापलेला भाग फाइलच्या शेपटीला तसाच राहत होता. नवी, लहान प्रतिमा जुन्या फाइलवर लिहिली जायची, पण फाइलची लांबी कमी केली जात नसे. लोकांनी खाडाखोड करून, कापून पाठवलेली चित्रं काही प्रमाणात पुन्हा जोडता येत होती.

पायरी ४ : पहिलं स्केच, आणि न पुसली जाणारी सावली

आता हात चालवा. पी५.जेएस हे कोडने चित्रं काढायचं साधन घ्या. लॉरेन ली मॅकार्थी यांनी ते कलाकार आणि नवशिके डोळ्यांसमोर ठेवून सुरू केलं, आणि कोड लिहायचा त्याचा एडिटर थेट ब्राउझरमध्ये उघडतो. काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

काळा कॅनव्हास घ्या. दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र दर वेळी नव्याने काढलं जाताना, माउसच्या जागी एक पांढरा ठिपका काढा. आणि ठिपक्याच्या आधी, दर फ्रेमला, पूर्ण कॅनव्हासवर अगदी पातळ काळा रंग फिरवा, २५५ पैकी १० इतक्याच दाटपणाचा. माउस फिरवला की मागे शेपूट उमटतं आणि हळूहळू विरतं. कोडच्या दहा ओळींत होणारं हे स्केच सुंदर दिसतं, आणि बहुतेक जण इथेच खूश होतात.

थांबा. स्क्रीनची ब्राइटनेस पूर्ण वाढवा, खोलीतला दिवा घालवा, आणि मिनिटभराने कॅनव्हासकडे बघा. काळ्यावर एक करडी सावली राहिलेली दिसेल. माउस जिथून जिथून गेला, तिथे तिथे. कितीही वेळ थांबा, ती जाणार नाही.

कारण साधं गणित आहे. प्रत्येक फ्रेमला पांढऱ्यातला सुमारे चार टक्के भाग कमी होतो. २५५ चे चार टक्के म्हणजे दहा, तेव्हा उतार जलद. पण रंगाची किंमत १२ च्या आसपास आली की चार टक्के म्हणजे अर्ध्याहूनही कमी. संगणक रंग पूर्णांकात साठवतो, अर्ध्याहून कमी ते शून्य धरतो, म्हणजे काहीच वजा होत नाही. ठिपका तिथेच अडकतो. ब्राउझरप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, अडकणं मात्र ठरलेलं.

मला हे स्केच फार प्रिय आहे. पुसण्याचा देखावा आणि पुसणं यातला फरक ते कुठल्याही व्याख्यानापेक्षा चांगला दाखवतं. आता तेच स्केच दुसऱ्या रीतीने लिहा: प्रत्येक ठिपका त्याच्या वयासह एका यादीत ठेवा, दर फ्रेमला कॅनव्हास पूर्ण काळा करा, यादीतले ठिपके वयाप्रमाणे फिके करत पुन्हा काढा, आणि वय संपलं की ठिपका यादीतून काढून टाका. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी. दुसऱ्यात मात्र सावली उरत नाही.

पायरी ५ : खोडलेल्या अक्षरांचा ढीग

पान दोन भागांत करा. वर लिहायची चौकट, खाली कॅनव्हास.

आधी चौकटीवरचं वाक्य ठरवा, कोड नंतर. 'काहीतरी लिहा' असं म्हटलंत तर लोक नाव लिहून निघून जातात. ज्या प्रश्नावर माणूस अडखळतो तो विचारा. माझ्या कामात 'माफी मागायची राहून गेली असेल, तर इथे मागा' हे वाक्य चाललं. लोक एक ओळ लिहायचे आणि तीन खोडायचे. 'मला', 'मला वाटतं', 'चूक माझी', पुन्हा सगळं रिकामं.

खोडलेलं ओळखायचं कसं? बॅकस्पेसच्या बटणावर कान ठेवून बसू नका. फोनच्या कीबोर्डवर ब्राउझरला कोणतं बटण दाबलं ते बरेचदा नीट कळतच नाही, आणि कुणी ओळ सिलेक्ट करून एकदम खोडली तर तेही निसटतं. त्याऐवजी मजकूर बदलला की जुना आणि नवा शेजारी ठेवून बघा. सुरुवातीचा सारखा भाग सोडा, शेवटचा सारखा भाग सोडा. जुन्यात मध्ये जे उरलं, ते खोडलेलं. रोमनमधून मराठी उमटवणारे कीबोर्ड टाइप करतानाच मजकूर बदलत राहतात, म्हणून तिथे खोटी खोडाखोड दिसते. इन्स्क्रिप्टचा, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या बटणांचा, साधा वायरचा कीबोर्ड लावला तर हा त्रास नाही.

मग खोडलेला प्रत्येक तुकडा खाली पडू द्या. इथे देवनागरीची गंमत उलगडते. सुटी पडलेली मात्रा किंवा वेलांटी एकटी राहू शकत नाही, म्हणून संगणक तिच्याखाली ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ काढतो, हरवलेल्या अक्षराच्या जागी. बरेच जण ही चूक समजून दुरुस्त करायला जातात. मी ती ठेवते. आधार गेलेली वेलांटी अशी दिसते, यापेक्षा नेमकं चित्र मला सुचलं नसतं. तुम्हाला अख्खी अक्षरंच हवी असतील, तर ब्राउझरमधल्या सेगमेंटर या सोयीने मजकूर अक्षरांप्रमाणे तोडता येतो.

पडण्याचा वेग माणसाच्या हातावर सोडा. लिहिल्या लिहिल्या खोडलं तर तुकडा दगडासारखा पडावा. बराच वेळ थांबून, विचार करून खोडलं तर पिसासारखा तरंगत यावा. यासाठी शेवटचं बटण दाबल्यापासून किती वेळ गेला एवढाच एक आकडा लागतो. या एका आकड्याने माझं काम जिवंत झालं.

एक काळजी घ्या. तुकडे ज्या क्रमाने खोडले त्याच क्रमाने ओळीत पडले, तर मागे उभा असलेला माणूस उलटं वाचून वाक्य जुळवू शकतो. म्हणून प्रत्येकाला आडवी जागा यदृच्छेने द्या. ढीग दिसावा, पण वाचता येऊ नये. नव्वद सेकंदांनी तुकडा यादीतून काढून टाका. आणि पंचेचाळीस सेकंद कुणी कीबोर्डला हात लावला नाही तर सगळं रिकामं करून पान नव्याने उघडू द्या.

पायरी ६ : पुसण्याआधी पुसा, आणि गळती बुजवा

चौकटीशेजारी चार ओळींची पाटी हवी, मोठ्या अक्षरांत: काय टिपलं जातं, किती वेळ राहतं, कुठे जातं, आणि नको असेल तर काय करायचं. 'पुढे गेल्यास संमती गृहीत धरली जाईल' असली भाषा नको. शेजारी न लिहिता नुसतं बघण्याचीही जागा ठेवा.

पाटीवर लिहिलेलं खरं करायला मात्र घाम गाळावा लागतो, आणि मी तो पुरेसा गाळला नव्हता. माझी पहिली मांडणी टॅब्लेटवर होती. माझा कोड काहीही साठवत नव्हता, याची मी दहादा खात्री केली होती. तिसऱ्या दिवशी एक मुलगी लिहायला बसली, तिने दोन अक्षरं टाइप केली, आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीत एक टोपणनाव सुचवलं गेलं. ते तिच्या ओळखीतलं नव्हतं. आधी कुणीतरी ज्याची माफी मागत होतं, त्याचं ते होतं. माझी कलाकृती विसरली होती, कीबोर्ड शिकत होता. मी त्याच क्षणी काम बंद केलं, कीबोर्डने शिकलेले शब्द पुसले, आणि काय घडलं ते कागदावर लिहून दाराशी लावलं. त्या कागदापाशी उभं राहून काही जणांनी मला प्रश्न विचारले. ते प्रश्न योग्य होते.

म्हणून गळतीच्या जागा एकेक करून तपासा. ऑटोकम्प्लीट आणि स्पेलचेक बंद करा; काही ब्राउझरमधली वाढीव स्पेलचेकची सोय टाइप केलेला मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर पाठवते. कॉपी-पेस्ट बंद करा, नाहीतर आधीच्याने कॉपी केलेलं पुढच्याला पेस्ट करता येतं. चौकट कोडने रिकामी केली तरी अनडूने मजकूर परत आणता येतो का, ते दाबून बघा. काही ब्राउझर पान पुन्हा उघडल्यावर चौकटीतला मजकूर स्वतःहून परत भरतात, तेही बघा. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये काम ठेवू नका. वायफाय बंदच ठेवा. ही कलाकृती इंटरनेटशिवाय चालते. आणि इंटरनेटवर मांडायचीच असेल तर सर्व्हर आपल्या नोंदवहीत प्रत्येक भेटीचा आयपी पत्ता आणि वेळ लिहितो, हे पाटीवर लिहा.

यादीतून काढलेला तुकडा मेमरीतून लगेच जातो, असंही नाही. ब्राउझर आपल्या सवडीने ती जागा साफ करतो, आणि मेमरी कमी पडली तर ऑपरेटिंग सिस्टिम तिचा काही भाग डिस्कवर ठेवते. यावर सोपा उपाय दोन गोष्टींचा: सुरुवातीलाच अख्खी डिस्क कूटबद्ध करून घ्या, आणि रोज रात्री यंत्र झोपवू नका, पूर्ण बंद करा.

पायरी ७ : मांडणी आणि चाचणी

खुर्ची अशी ठेवा की लिहिणाऱ्याच्या पाठीमागे भिंत असेल. खालचा ढीग मोठ्या पडद्यावर दाखवलात तरी चालेल, वरची चौकट फक्त लिहिणाऱ्यालाच दिसावी. प्रकाश मंद, कीबोर्डवर पुरेसा. आवाज नको, कीबोर्डचाच पुरतो.

खरी चाचणी अशी करा. कुठल्याही शब्दकोशात नसलेला एक शब्द घडवा, समजा 'ढगकिल्ली'. प्रेक्षक म्हणून बसा, तो चार-पाच वेळा लिहा, खोडा, उठा. मग ब्राउझरच्या प्रोफाइलच्या फोल्डरपासून सुरुवात करून अख्ख्या डिस्कवर तो शब्द शोधा. मजकूर युनिकोडच्या यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ अशा दोन्ही रूपांत साठलेला असू शकतो, म्हणून दोन्ही रूपांत शोधा. सापडला तर तो कुठे सापडला ते वहीत लिहा आणि ती जागा बुजवा. मला पहिल्या खेपेला दोन ठिकाणी सापडला होता.

यानंतर पाच जणांना बोलवा आणि काहीही न सांगता बसवा. ते कुठे अडतात, पाटी वाचतात का, खाली बघतात का, एवढंच टिपा. मग काम आठ तास सलग चालू ठेवा. यादीतून तुकडे खरंच जात नसतील तर दुपारपर्यंत चित्र अडखळायला लागेल, आणि तुमची चूक तिथेच पकडली जाईल.

पायरी ८ : बंद करण्याचा दिवस

कामाचं चित्रण प्रदर्शन सुरू होण्याआधीच, स्वतःच्या बनावट मजकुरावर करून ठेवा. चालू प्रदर्शनात प्रेक्षकांची बोटं किंवा पाठ टिपायची असेल तर विचारा, आणि फोटो कुठेही पाठवण्याआधी त्यातला एक्झिफ तपशील काढा.

शेवटच्या संध्याकाळी शेवटचा प्रेक्षक उठला की खुर्चीवर तुम्ही बसा. 'ढगकिल्ली' लिहा, खोडा, सगळं रिकामं होईपर्यंत थांबा. यंत्र बंद करून पुन्हा चालू करा आणि तो शब्द दोन्ही रूपांत शोधा. सापडला तर पायरी ६ पुन्हा करा, आणि किती दिवस कुठे काय साठत होतं ते पाटीच्या जागी लिहून लावा. नाही सापडला, तर कूटबद्ध डिस्क उघडणारी किल्ली तिच्या प्रतींसकट नष्ट करा, वायर काढा, आणि चाचणीची वही तेवढी सोबत घ्या.